जाहिरातीचा नियम बदलला, जुन्या साहित्याचे काय? म्युच्युअल फंड वितरकांसाठी तपासणीची पद्धत

म्युच्युअल फंडांच्या प्रचाराचा नियम बदलल्याची बातमी आली की बहुतेक वितरक पुढच्या जाहिरातीत काय बदलावे लागेल याचा विचार करू लागतात. वास्तविक पुढच्या जाहिरातीची फारशी चिंता नसते. ती फंड कंपनीकडून तयार होऊन येते आणि कंपनीच्या अनुपालन विभागाने नवा नियम वाचूनच ती सोडलेली असते. चूक सापडते ती आधी बाहेर गेलेल्या साहित्यात. कार्यालयाच्या काचेवर चिकटवलेला तक्ता, गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेला दरवर्षी तारीख बदलून पाठवला जाणारा मजकूर, दिवाळी अंकातील अर्ध्या पानाची जाहिरात, व्हॉट्सॲपवर चार वर्षे फिरत असलेले एसआयपीचे (दरमहा ठरावीक हप्ता गुंतवण्याच्या पद्धतीचे) चित्र, संकेतस्थळावर कोणीतरी बसवून दिलेला कॅल्क्युलेटर हे सारे ज्या दिवशी तयार झाले त्या दिवशीच्या नियमात बसत असेलही, आज बसते की नाही हे मात्र कोणी पाहिलेले नसते. त्यामुळे पुढील पायऱ्यांचा रोख जुने साहित्य शोधून तपासण्यावर आहे. एआरएन (म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना ॲम्फी देते तो वितरकाचा नोंदणी क्रमांक) असलेल्या, एकट्याने किंवा दोन-तीन सहकाऱ्यांसह काम करणाऱ्या वितरकाला समोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

पहिली पायरी: आपण कोणत्या चौकटीत आहोत ते निश्चित करणे

अनेकांचा पैसा एकत्र करून गुंतवायचा आणि नफा-तोटा वाटून घ्यायचा ही कल्पना अनेक रूपांत येते. भारतीय कायद्याने त्यांपैकी प्रत्येक रूपासाठी स्वतंत्र नियम केले आहेत. म्युच्युअल फंडांसाठी भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिचे 1996 चे विनियम आले. ‘सामूहिक गुंतवणूक योजना’ हा कायद्याच्या दृष्टीने वेगळा प्रकार असून त्याची व्याख्या सेबी अधिनियम, 1992 च्या कलम 11एए मध्ये आहे, त्याचे विनियम 1999 चे आहेत, आणि म्युच्युअल फंड त्या व्याख्येतून वगळलेले आहेत. जमीन, वृक्षलागवड किंवा जनावरे यांत पैसे गुंतवून ठरावीक परताव्याचे आश्वासन देणाऱ्या योजना बहुधा या दुसऱ्या व्याख्येत येतात. नोंदणीशिवाय अशी योजना चालवणे हाच गुन्हा आहे, तेव्हा तिची जाहिरात नियमात बसवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सेबीने ऑगस्ट 2014 मध्ये पीएसीएल या कंपनीविरुद्ध आदेश दिला, तेव्हा देशभरातून गोळा झालेली रक्कम सुमारे 49,100 कोटी रुपये होती. एखादा ओळखीचा माणूस ‘फंडासारखीच योजना आहे, तुमच्या ग्राहकांनाही सांगा’ म्हणत आला, तर माहितीपत्रक उघडण्याआधी सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी आहे का ते पाहावे.

एप्रिल 2025 पासून ‘विशेषीकृत गुंतवणूक फंड’ म्हणजे एसआयएफ हा आणखी एक प्रकार आला आहे. त्यात किमान गुंतवणूक 10 लाख रुपये आहे, जोखीम जास्त आहे आणि जाहिरातीतील इशाऱ्याचे शब्दही वेगळे आहेत. म्हणून म्युच्युअल फंडाच्या पत्रकाचा साचा उचलून त्यात एसआयएफचे नाव घालू नये.

दुसरी पायरी: नियम नेमका कुठे लिहिला आहे आणि कधीपासून लागू आहे ते पाहणे

प्रचाराचे नियम एका पुस्तकात सापडत नाहीत. सर्वांत वर सेबी अधिनियम आहे. त्याच्या कलम 30 खालील अधिकारात विनियम होतात, आणि 1996 च्या विनियमांच्या सहाव्या अनुसूचीत जाहिरात संहिता दिलेली होती. विनियमांखाली परिपत्रके निघतात आणि ती ठरावीक काळाने एका मुख्य परिपत्रकात एकत्र केली जातात. असे एक मुख्य परिपत्रक 27 जून 2024 चे आहे. त्याखाली ॲम्फीची वितरकांसाठीची आचारसंहिता व सूचना येतात. सर्वांत खाली, पण ग्राहकाच्या सर्वांत जवळ, योजनेची स्वतःची कागदपत्रे असतात: योजना माहिती दस्तऐवज, प्रमुख माहितीपत्रक आणि त्यांत वेळोवेळी होणाऱ्या दुरुस्त्यांची पुरवणीपत्रे. वरचा थर बदलला की खालचे सगळे हलतात, मात्र ते एकाच दिवशी हलत नाहीत.

त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीला चार तारखा असतात आणि त्या वेगवेगळ्या ओळखता यायला हव्यात. पहिली तारीख सल्लामसलत पत्राची, दुसरी सेबीच्या संचालक मंडळाच्या मंजुरीची, तिसरी राजपत्रातील अधिसूचनेची किंवा परिपत्रकाची आणि चौथी प्रत्यक्ष अंमलबजावणीची. वर्तमानपत्रांत सर्वांत मोठा मथळा बहुधा दुसऱ्या तारखेला येतो आणि नियम लागू होतो चौथ्या तारखेला. रिस्कोमीटरमध्ये (योजनेची जोखीम काट्याने दाखवणाऱ्या चित्रात) सहावी पातळी आणणारे परिपत्रक 5 ऑक्टोबर 2020 चे होते, ते लागू झाले 1 जानेवारी 2021 पासून. त्याच्या रंगांविषयीचे परिपत्रक 5 नोव्हेंबर 2024 ला निघाले आणि एक महिन्याने, 5 डिसेंबरला, लागू झाले. बातमी वाचून त्याच दिवशी ग्राहकांना ‘नियम बदलला’ असा संदेश पाठवणे म्हणजे मंजुरीच्या तारखेला अंमलबजावणीची तारीख समजणे होय. ही चूक वितरकांमध्ये सर्रास दिसते.

सध्या याचे विशेष भान ठेवावे लागते. सेबीने ऑक्टोबर 2025 मध्ये 1996 च्या विनियमांचा सर्वांगीण आढावा घेणारे सल्लामसलत पत्र काढले आणि डिसेंबर 2025 मध्ये मंडळाने नव्या विनियमांना मंजुरी दिली. अशा पुनर्लेखनात जाहिरात संहितेचा गाभा टिकला, तरी कलमांचे आणि अनुसूचींचे क्रमांक बदलतात, आणि खर्चाच्या प्रमाणासारख्या गोष्टी मांडण्याची पद्धतही बदलते. मंजूर रचनेत योजनेचा मूळ खर्च वेगळा आणि वैधानिक कर व शुल्के वेगळी दाखवायची आहेत. म्हणून ‘या योजनेचा खर्च अमुक टक्के’ असे लिहिलेले प्रत्येक जुने पत्रक तपासणीच्या यादीत सर्वांत वर ठेवावे, आणि नियमाचा संदर्भ देताना जुन्या प्रशिक्षणाच्या टिपणांतून क्रमांक न उचलता सेबीच्या संकेतस्थळावरील अद्ययावत मजकूर उघडून पाहावा.

तिसरी पायरी: बाहेर असलेले सगळे साहित्य एका वहीत आणणे

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात. साधी वही किंवा एक्सेलची एक शीट पुरे. प्रत्येक साहित्यासाठी एक ओळ करावी आणि त्यात इतकेच नोंदवावे: ते काय आहे, कोणी तयार केले, कंपनीची मान्यता आहे का, पहिल्यांदा कधी वापरले, त्यातील आकडे कोणत्या तारखेचे आहेत, ते सध्या कुठे कुठे आहे आणि शेवटचे कधी तपासले. ‘कुठे कुठे आहे’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. एकच चित्र फेसबुकच्या पानावर, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, सहकाऱ्याच्या फोनमध्ये आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर असू शकते.

कोणी तयार केले या रकान्यातून साहित्याचे दोन गट पडतात. पहिला गट कंपनीने दिलेल्या साहित्याचा. त्यात स्वतःहून एक शब्दही बदलू नये, आपले नाव आणि एआरएन घालण्यासाठी सोडलेल्या जागेतच ते घालावेत. दुसरा गट आपण किंवा आपल्या ओळखीच्या डिझायनरने तयार केलेल्या साहित्याचा. या गटात एखाद्या विशिष्ट योजनेचे नाव किंवा परतावा असेल आणि कंपनीची लेखी मान्यता नसेल, तर पुढच्या पायऱ्यांची वाट न पाहता ते लगेच काढून टाकावे. सर्वसाधारण बचतीविषयी किंवा एसआयपीच्या शिस्तीविषयी असलेला मजकूर पुढील कसोट्या लावून ठेवता येतो.

चौथी पायरी: शब्द तपासणे

जाहिरात संहितेची मूळ अपेक्षा सरळ आहे. मजकूर अचूक, सत्य, न्याय्य, स्पष्ट, पूर्ण, निःसंदिग्ध आणि संक्षिप्त असावा. त्यापुढची मनाईची यादी मात्र बारकाईने वाचायला हवी, कारण तिच्यातील अनेक गोष्टी मराठी जाहिरातीच्या नेहमीच्या शैलीत सहज येतात. खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान चालत नाही हे सर्वांना ठाऊक असते. गृहीतके किंवा भाकिते यांवर आधारलेला मजकूर, समाधानी ग्राहकांचे अभिप्राय आणि कोणत्याही निकषावरचे क्रमांक यांनाही संहितेत मनाई आहे, हे तितकेसे ठाऊक नसते. ‘आमच्या काकांनी दहा वर्षांत घर घेतले’ अशा धाटणीचा ग्राहकाचा फोटोसह अनुभव, ‘या गटातील पहिल्या क्रमांकाची योजना’ अशी ओळ, किंवा दुसऱ्या कंपनीच्या योजनेला नावे ठेवणारी तुलना या तिन्ही गोष्टी काढाव्या लागतात.

घोषवाक्ये निराळी तपासावीत. अतिशयोक्त किंवा योजनेच्या जोखमीशी विसंगत घोषवाक्य चालत नाही. ‘निश्चिंत राहा’, ‘खात्रीशीर’, ‘बँकेपेक्षा दुप्पट’, ‘पैसा सुरक्षित, वाढ निश्चित’ असे शब्द इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) योजनेच्या शेजारी दिसले की ते ठेवण्याचे कोणतेही कारण उरत नाही. ॲम्फीच्या आचारसंहितेनुसारही, योजनेच्या दस्तऐवजात तसे स्पष्ट म्हटलेले नसेल तर वितरकाने परताव्याची हमी देऊ नये आणि परतावा सुचवूही नये. ‘सुचवू नये’ हा भाग ध्यानात ठेवावा, कारण ‘हमी नाही, पण साधारण पंधरा टक्के धरून चला’ हे वाक्य त्यातच येते. युनिट ट्रस्टच्या यूएस-64 योजनेची खरेदी-विक्री जुलै 2001 मध्ये थांबवली गेली, तेव्हा तिला मुदत ठेवीसारखी समजून पैसे ठेवलेल्या निवृत्त मंडळींची जी अवस्था झाली, ती आठवणारे ग्राहक अजूनही आपल्याकडे येतात. त्यांच्यासमोर ‘खात्री’ हा शब्द वापरताना तरी जपावे.

संहितेनुसार जाहिरातीत प्रसिद्ध व्यक्ती घेता येत नाही. मार्च 2017 च्या परिपत्रकाने संपूर्ण उद्योगाच्या जनजागृतीसाठी, सेबीच्या पूर्वपरवानगीने, ती मुभा दिली. कोणतीही एक योजना किंवा एका कंपनीचे नाव पुढे करण्यासाठी ती मुभा नाही. तेव्हा ॲम्फीच्या मोहिमेतील क्रिकेटपटूचे छायाचित्र कापून त्याखाली आपल्या कार्यालयाचे नाव लिहिणे हे नियमात बसत नाही, मूळ जाहिरात कितीही वैध असली तरी.

प्रमाणित इशारा हा वेगळाच विषय आहे. ‘म्युच्युअल फंड गुंतवणूक बाजार जोखमीच्या अधीन आहे, योजनेशी संबंधित सर्व दस्तऐवज काळजीपूर्वक वाचा’ या आशयाचा इशारा वाचता येईल अशा अक्षरांत द्यावा लागतो आणि त्यात शब्द वाढवणे किंवा गाळणे चालत नाही. मूळ इंग्रजी इशाऱ्यात चौदा शब्द आहेत, आणि दृक्श्राव्य जाहिरातीत ते किमान पाच सेकंद दिसावेत व ऐकू यावेत असे उदाहरण संहितेतच दिले आहे. मराठीत इशारा देताना स्वतः भाषांतर न करता कंपनीच्या मराठी साहित्यातील मजकूर जसाच्या तसा घ्यावा. छापील साहित्यात प्रत्यक्ष आकारात छापून, हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता येतो का ते पाहावे. मोबाइलच्या पडद्यावर मोठा दिसणारा इशारा दिवाळी अंकाच्या पावपानात मुंगीएवढा होतो.

पाचवी पायरी: आकडे तपासणे

परताव्याचे आकडे असलेले साहित्य सर्वांत लवकर शिळे होते. मार्च 2017 पासूनच्या पद्धतीनुसार कामगिरी दाखवताना गेले एक वर्ष, तीन वर्षे, पाच वर्षे आणि योजनेच्या प्रारंभापासून असा चक्रवाढ वार्षिक दर द्यावा लागतो आणि सोबत 10,000 रुपयांच्या गुंतवणुकीचे काय झाले तेही दाखवावे लागते. यांपैकी सोयीचा एकच कालावधी उचलता येत नाही. हा निर्बंध का आहे ते एका साध्या हिशेबातून दिसते: वार्षिक 12 टक्के दराने 10,000 रुपयांचे पाच वर्षांत सुमारे 17,623 रुपये होतात, म्हणजे ‘पाच वर्षांत 76 टक्के’ ही ओळही खरी आणि ‘वार्षिक 12 टक्के’ ही ओळही खरी, पण पहिली वाचणाऱ्याच्या मनात वेगळाच दर उभा राहतो. सहा महिनेही पूर्ण न झालेल्या योजनेची कामगिरी जाहिरातीत द्यायचीच नसते.

आकड्यांच्या शेजारी मानदंड निर्देशांकाचे, म्हणजे ज्याच्याशी योजनेची तुलना होते त्याचे, आकडे हवेत, आणि ते 1 फेब्रुवारी 2018 पासून एकूण परतावा निर्देशांकाचे, म्हणजे कंपन्यांनी दिलेला लाभांश धरलेले, असायला हवेत. त्याआधीच्या साहित्यात नुसत्या किमतीच्या निर्देशांकाशी तुलना असे, त्यामुळे योजना जितकी चांगली होती त्याहून चांगली दिसे. हा बदल मला प्रचाराच्या साऱ्या नियमांतील सर्वांत प्रामाणिक बदल वाटतो. त्याने जाहिरातीत एकही शब्द वाढवला नाही, फक्त मोजपट्टी खरी केली. जुन्या फॅक्टशीटची छायाचित्रे अजून कुठे पडून असतील, तर त्यांच्यातील तुलना आज वापरता येणार नाही.

एसआयपीचा कॅल्क्युलेटर आणि ‘दरमहा इतके भरा, करोडपती व्हा’ ही चित्रे गृहीतकांच्या कक्षेत येतात. दरमहा 5,000 रुपये वीस वर्षे भरले आणि वार्षिक 15 टक्के धरले, तर उत्तर सुमारे 75.8 लाख रुपये येते. 10 टक्के धरले तर सुमारे 38.3 लाख येते. हप्ता तोच, मुदत तीच, रक्कम निम्मी, आणि दोन्ही दर चित्र काढणाऱ्याच्या मनातले. अशी चित्रे योजनेच्या नावासोबत मुळीच वापरू नयेत. शिकवण्यासाठी हिशेब दाखवायचा असेल, तर योजनेचे नाव न घेता, दर गृहीत आहे हे ठळक लिहून आणि कंपनीने किंवा ॲम्फीने दिलेल्या साधनाच्याच आधारे दाखवावा.

सहावी पायरी: रिस्कोमीटर पाहणे

2013 मध्ये योजनांवर निळा, पिवळा आणि तपकिरी असे चौकोन आले. जुलै 2015 पासून त्यांच्या जागी पाच पातळ्यांचा रिस्कोमीटर आला. जानेवारी 2021 पासून ‘अत्युच्च’ ही सहावी पातळी जोडली गेली आणि योजनेतील प्रत्यक्ष गुंतवणुकीवरून दर महिन्याला पातळी ठरवण्याची पद्धत सुरू झाली. त्याच्या काही महिने आधी, 23 एप्रिल 2020 रोजी, फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना गुंडाळण्याचा निर्णय घेतला होता, आणि नाव शांत वाटले तरी रोखे जोखमीचे असू शकतात हे लाखो गुंतवणूकदारांना एका दिवसात समजले होते. ऑक्टोबर 2021 पासून योजनेच्या जोडीला तिच्या मानदंडाचाही रिस्कोमीटर दाखवावा लागतो, डिसेंबर 2021 पासून कर्जरोखे योजनांना संभाव्य जोखमीच्या नऊ घरांच्या तक्त्यातील आपले घर सांगावे लागते, आणि डिसेंबर 2024 पासून पातळ्यांना हिरव्यापासून लालपर्यंतचे रंग ठरवून दिलेले आहेत.

याचा व्यावहारिक अर्थ असा की एखाद्या चित्रातील रिस्कोमीटरकडे पाहूनच त्याचे वय कळते. पाचच पातळ्या असतील तर ते 2021 च्या आधीचे. मानदंडाचा रिस्कोमीटर नसेल तर ऑक्टोबर 2021 च्या आधीचे. ठरवून दिलेले रंग नसतील तर डिसेंबर 2024 च्या आधीचे. तिन्ही बाबी बरोबर असल्या, तरी काटा आजही तिथेच आहे का, हे महिना संपल्यावर दहा दिवसांत कंपनीच्या आणि ॲम्फीच्या संकेतस्थळावर येणाऱ्या माहितीशी ताडून पाहावे. काटा सरकला असेल तर कंपनी युनिटधारकांना ई-मेल किंवा एसएमएसने कळवते. वितरकाच्या फलकावरचा काटा मात्र कंपनी सरकवू शकत नाही.

सातवी पायरी: पर्यायांची नावे आणि कराच्या ओळी तपासणे

सेबीने काहीही बदलले नाही, तरी अर्थसंकल्पाने पत्रक चुकीचे होते. हे तपासताना फक्त परिपत्रकांची यादी पाहणारे वितरक येथे हमखास अडकतात. एक एप्रिल 2023 पासून घेतलेल्या बहुतेक कर्जरोखे योजनांच्या युनिटांवर, ती कितीही वर्षे ठेवली तरी, नफा ग्राहकाच्या नेहमीच्या करदराने करपात्र आहे. ‘तीन वर्षांनंतर इंडेक्सेशनचा लाभ’ (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून नफा मोजण्याची सवलत) ही ओळ अनेक बँकठेव-विरुद्ध-कर्जफंड तुलनांचा कणा होती, म्हणून ते सारे तक्ते मोडीत काढावेत. इक्विटी योजनांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा दर 23 जुलै 2024 पासून 10 ऐवजी 12.5 टक्के झाला, करमुक्त मर्यादा 1 लाखावरून 1.25 लाखावर गेली, आणि अल्प मुदतीचा दर 15 वरून 20 टक्के झाला. ईएलएसएस या करबचतीच्या इक्विटी योजनांची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली ही मूळची निवड आहे. म्हणून ‘ईएलएसएसमध्ये गुंतवा, दीड लाखापर्यंत कर वाचवा’ ही मार्च महिन्यातील लाडकी ओळ आज अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य संहितेला चालत नाही. त्यातच 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर अधिनियमात कलमांचे क्रमांकही बदललेले आहेत, तेव्हा ‘80सी’ हा जुन्या अधिनियमातील वजावटीच्या कलमाचा शिक्का असलेला प्रत्येक कागद पुन्हा पाहावा.

पर्यायांच्या नावांचीही अशीच कथा आहे. पूर्वी ज्याला लाभांश पर्याय म्हणत, त्याचे नाव 1 एप्रिल 2021 पासून ‘उत्पन्न वाटप व भांडवल आहरण’ असे झाले, म्हणजे आयडीसीडब्ल्यू. नाव जड आहे, पण कारण रास्त होते. ‘लाभांश’ म्हटले की फंडाने नफ्यातून वरचे काहीतरी दिले असे ग्राहकाला वाटे. प्रत्यक्षात वाटलेल्या रकमेइतकी एनएव्ही, म्हणजे युनिटची किंमत, खाली येई आणि कधीकधी ती ग्राहकाची स्वतःची भांडवली रक्कमच असे. निवृत्तांसाठीच्या ‘दरमहा लाभांश’ अशा जुन्या पत्रकांत नुसते नाव बदलून भागत नाही. रक्कम निश्चित नसते आणि ती भांडवलातूनही येऊ शकते, ही दोन वाक्ये त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावीत.

आठवी पायरी: स्वतःची पाटी तपासणे

सेबीच्या गुंतवणूक सल्लागार विनियमांत जुलै 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती 30 सप्टेंबर 2020 पासून लागू झाली. तेव्हापासून सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’, ‘वेल्थ ॲडव्हायझर’ अशी पदनामे वापरता येत नाहीत. पाटी, भेटपत्र, ई-मेलची सही, व्हॉट्सॲप बिझनेसचे नाव, गुगल मॅपवरची नोंद आणि व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेतील परिचय हे सगळे यात येतात. निमंत्रणपत्रिका बहुधा संयोजक छापतात आणि आदराने ‘सुप्रसिद्ध गुंतवणूक सल्लागार’ असे लिहून मोकळे होतात, म्हणून आपला परिचय आपणच लेखी पाठवावा. ‘ॲम्फी-नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक’ हे शब्द आणि एआरएन क्रमांक सर्वत्र असावेत, आणि एआरएनची मुदत संपलेली नसावी.

नववी पायरी: सभा, व्हिडिओ आणि नव्या योजना

ऑगस्ट 2024 मधील दुरुस्तीनुसार, नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्या व्यक्तीशी सेबीच्या नियमनाखालील संस्था आणि त्यांचे प्रतिनिधी यांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध ठेवता येत नाही. एखाद्या लोकप्रिय यूट्यूबरला सभेला बोलावणे, त्याच्या व्हिडिओखाली आपली लिंक देणे किंवा ग्राहक आणून दिल्याबद्दल त्याला काही देणे, हे सारे या कसोटीला लावावे. शिक्षणाला बंदी नाही. मात्र जानेवारी 2025 च्या परिपत्रकाने शिक्षण देणाऱ्याने मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून एखाद्या रोख्याविषयी बोलू नये असे स्पष्ट केले आहे. गुंतवणूकदार सभेत पडद्यावर चालू बाजाराचा आलेख लावण्याची सवय असेल तर ती सोडावी.

एनएफओच्या, म्हणजे नव्या योजनेच्या पहिल्या विक्रीच्या, प्रचारात ‘फक्त 10 रुपयांत युनिट’ असे कधीही लिहू नये. कमी एनएव्ही म्हणजे स्वस्त, हा गैरसमज पसरवणे म्हणजे संहितेच्या भाषेत गुंतवणूकदाराच्या अननुभवाचा फायदा घेणे होय. 1 एप्रिल 2025 पासून जुन्या योजनेतून त्याच कंपनीच्या एनएफओत पैसे वळवल्यास दोन्हींपैकी कमी असलेले कमिशनच मिळते. कमिशनातील वाटा ग्राहकाला परत देण्याची ऑफर किंवा खाते उघडल्यास भेटवस्तू, हे आधीपासूनच निषिद्ध आहे.

दहावी पायरी: काढणे, दुरुस्त करणे, जपून ठेवणे

तपासणीनंतर प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक शेरा असावा: ठेवा, बदला, काढा. काढलेल्या साहित्याची एक प्रत तारखेसह जपून ठेवावी. उद्या तक्रार आली तर ते कधी वापरात होते आणि कधी काढले हे दाखवता आले पाहिजे. पुढे पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश परत घेता येत नाही. म्हणून चुकीची माहिती महत्त्वाची असेल, विशेषतः कर, हमी किंवा जोखमीच्या पातळीविषयी, तर त्याच ग्रुपवर दुरुस्तीचा संदेश पाठवावा आणि त्यात जुन्या चित्राचा उल्लेख करून काय बदलले ते दोन वाक्यांत लिहावे. नुसते नवे चित्र टाकले तर जुने खोटे ठरत नाही. दोन्ही सोबत फिरत राहतात.

तपासणी वर्षातून चार वेळा ठेवणे सोयीचे पडते: अर्थसंकल्पानंतर, एप्रिलच्या सुरुवातीला, गणेशोत्सवाच्या स्मरणिकांचा मजकूर जाण्याआधी आणि दिवाळी अंकांच्या जाहिराती देण्याआधी. शेवटच्या दोन वेळांना छापील साहित्य जाते, आणि छापलेला कागद दुरुस्त होत नाही, म्हणून त्या वेळी कामगिरीचे आकडे असलेला मजकूर न देणेच शहाणपणाचे.

अकरावी पायरी: नियम ठरत असतानाच मत देणे

सेबीने 2025 मध्ये विनियम करण्याच्या पद्धतीविषयीच विनियम केले. त्यांनुसार प्रस्तावित बदलावर जनतेला मत देण्यासाठी किमान 21 दिवस मिळतात. या काळात मोठ्या कंपन्या आणि संघटना पानेच्या पाने लिहितात, तर तालुक्याच्या ठिकाणच्या वितरकाकडून क्वचितच काही जाते, वास्तविक भाषेची अडचण, इशाऱ्याची अक्षरे किंवा छापील माध्यमाच्या मर्यादा या गोष्टी त्यालाच सर्वांत जवळून माहीत असतात. सल्लामसलत पत्राच्या शेवटी मत कसे पाठवायचे ते दिलेले असते. बहुधा संकेतस्थळावरील अर्जात परिच्छेदाचा क्रमांक, आपण सहमत आहोत की नाही, सुचवलेला बदल आणि त्याचे कारण असे रकाने भरायचे असतात. सगळ्या पत्रावर लिहू नये. ज्या एक-दोन परिच्छेदांचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे तेवढेच घ्यावेत, ‘हे जाचक आहे’ असे न लिहिता आपल्याला हवा असलेला पर्यायी मजकूर शब्दशः लिहून द्यावा, आणि कारणात प्रत्यक्ष अनुभवातील उदाहरण द्यावे: उदाहरणार्थ, पावपानाच्या मराठी जाहिरातीत योजनेचा व मानदंडाचा रिस्कोमीटर, कामगिरीचा तक्ता आणि इशारा एकत्र बसवल्यावर अक्षरांचा आकार किती उरतो, हे जाहिरातीच्या नमुन्यासह. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी अर्ज भरावा आणि मिळालेली पोच त्याच वहीत लावावी.